तात्या सस्ते आणि माळावरचे रविवार

रविवारी संध्याकाळी मी माळावरून घरी आलो की माझी बायको सुशीला दारातच एक प्रश्न विचारायची. उडी कशी झाली, हा नव्हे. खाली अंथरलेल्या पांढऱ्या चादरीच्या किती जवळ उतरलात, हाही नव्हे. ती विचारायची, "तात्याभाऊजींनी तपासलं होतं ना?"

मी "हो" म्हटलं की ती निवांतपणे चहाचं आधण ठेवायला आत जायची.

आता तुम्हीच सांगा, मी विमानातून उडी मारून आलेलो. आमच्या सगळ्या गटात त्या चादरीच्या सर्वांत जवळ उतरणारा माणूस मी. आणि माझ्याच घरात, माझ्याच जिवाचं श्रेय जायचं मोशीच्या एका शेतकऱ्याच्या बोटांना. आज त्या गोष्टीला खूप वर्षं झाली. केस पांढरे झाले, गुडघे बोलायला लागले. पण तात्या सस्ते हे नाव निघालं की पोटात जी कळ उठायची ती अजून उठते. तिला दुसरं काही नाव देण्यात अर्थ नाही. तो हेवाच आहे.

पन्नास साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते आणि दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईतून परतलेली, हाताला काम शोधणारी माझ्यासारखी माणसं साताऱ्याकडून, नगरकडून तिकडे येत होती. मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागलो. लढाईत मी विमानातून हवाई छत्री घेऊन उतरणाऱ्या पलटणीत होतो. लढाई संपली, पलटण सुटली, पण उतरण्याची चटक काही सुटली नाही. तसे आणखी पाच-सहा जण आसपास होतेच. मोशीच्या पुढच्या माळावर सरकारनं लढाईच्या दिवसांत एक कच्ची धावपट्टी केली होती. ती तशीच पडून होती. पुण्याचे एक पारशी गृहस्थ, आम्ही त्यांना कॅप्टन म्हणायचो, त्यांच्याकडे एकावर एक पंख असलेलं एक जुनं उघडं विमान होतं. दर रविवारी ते घेऊन कॅप्टन माळावर यायचे. विमानात पुढे एकच माणूस बसायचा. वर गेल्यावर तो पंखावर उतरायचा, दांडीला धरून उभा राहायचा आणि कॅप्टननी मान हलवली की हात सोडायचा. लढाईनंतर भंगारात निघालेल्या चार छत्र्या आमच्याकडे होत्या. एवढाच आमचा संसार.

आणि त्या संसाराचे कर्ते होते तुकाराम सस्ते, म्हणजे तात्या.

तात्यांचं घराणं मोशीचंच, पिढ्यान् पिढ्यांचं. माळाच्या कडेला त्यांची शेतं होती. लढाईत ते हवालदार झाले, मी नाईक राहिलो. बघा, सुरुवात तिथूनच आहे. अंगानं बुटके, मान जवळजवळ नाहीच, मिशा मात्र राजेशाही. त्या मिशांवर त्यांचा फार जीव. उडीच्या आधी मिशांना तेल लावून त्या चपट्या बसवायचे, आणि उतरल्यावर पहिलं काम म्हणजे त्या पुन्हा वर वळवायच्या. छत्री नंतर गोळा करायची. गोड बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. कुणी छान उतरला तर म्हणायचे, "पडलास बरा." यापलीकडे त्यांची स्तुती कधी गेली नाही. मला तर तेवढंही मोजून दोनदाच मिळालं.

त्यांचा पहिला नियम असा, की स्वतःची तपासणी स्वतः करायची नाही. "सवताच्या पाठीवर सवताचं डोळं नसत्यात," ते म्हणायचे. पाठीवरच्या पिशवीच्या पिना सरळ आहेत का, पोटावरची दुसरी लहान छत्री नीट बसलीय का, मांड्यांचे पट्टे, कमरेचा चाकू, बुटांच्या नाड्या, हे सगळं दुसऱ्यानं बघायचं. आणि नुसतं बघायचं नाही, हात लावून बघायचं. तात्या तपासायला लागले की डोळे मिटायचे. बोटांनी वाचल्यासारखे ते पट्ट्यांवरून हात फिरवायचे, मग एकदम छातीवरचा पट्टा असा ओढायचे की श्वास अडकायचा. वर पुन्हा म्हणायचे, "घे आता श्वास." तो घेता आला की पट्टा बरोबर.

नियमाप्रमाणे कुणीही कुणाचं तपासलं तरी चालायचं. मीही तपासायला तयार असायचो. पण सगळे त्यांच्यापुढे रांग लावायचे. माझ्यापुढे कोण? तर स्वतः तात्या. ते आपली पाठ माझ्याकडे करून उभे राहायचे आणि म्हणायचे, "बगा मानेराव." त्यात मान होता हे मला आज कळतं. तेव्हा वाटायचं, बाकी सगळे तुमच्याकडे आणि मला मात्र तुम्ही एकटे!

छत्रीची घडी घालताना कुणी बोलायचं नाही, हा दुसरा नियम. जमिनीवर लांब ताडपत्री अंथरायची, तिच्यावर छत्री पसरायची, एकेक दोरी हातातून काढून सरळ करायची, मग पट्ट्या पाडून रेशीम पिशवीत भरायचं. घडी सुरू करण्याआधी तात्या गुडघ्यावर बसून त्या रेशमाचा वास घ्यायचे. ओल लागली असेल तर नाकाला आधी कळते, असं त्यांचं म्हणणं. एका रविवारी मी घडी घालत होतो आणि आमच्यातल्या करंदीकरांनी काहीतरी गंमत केली. करंदीकर म्हणजे कारखान्यातले केमिस्ट, आमच्यात एकटेच असे की ज्यांनी लढाई पाहिली नव्हती, हौसेपायी शिकायला आले होते. मी हसलो. हसतहसतच उरलेली घडी पुरी केली, पिशवी बंद केली, पिना लावल्या.

तात्या आले आणि त्यांनी पिना काढल्या. माझी पुरी झालेली छत्री भसकन बाहेर ओढली आणि ताडपत्रीवर पसरली. मग दोरी न् दोरी बघितली, शिवण न् शिवण बघितली. मी कमरेवर हात ठेवून उभा. सगळे बघतायत. ऊन चढलेलं.

"काय सापडलं?" मी विचारलं.

"काय न्हाई."

"मग?"

"काय न्हाई सापडलं, ह्येच सापडाया पायजे हुतं. घाला आता फिरून. तोंड मिटून."

त्या दिवशी मी पुन्हा घडी घातली, पण रागानं दोऱ्या ओढत घातली. ते दुरून बघत होते. संपल्यावर पुन्हा आले. मला वाटलं, आता परत काढतात की काय. ते म्हणाले, "रागानं घातलेली घडी चालंल. राग ध्यान ठेवतो. हसू ठेवत न्हाई." आणि गेले. भांडायला जावं तर हा माणूस भांडणाचं टोकच हातात देत नव्हता.

आमच्याकडे एक रिवाज होता. कुणी काही पहिल्यांदा केलं की त्यानं सगळ्यांना गूळ-शेंगदाणे खिलवायचे. पहिली उडी, पहिल्यांदा चादरीवर पाय, पहिल्यांदा बाभळीत अडकणं, सगळ्याला गूळ. मी चादरीवर पहिल्यांदा बरोबर मध्यावर उतरलो तेव्हा चाकणच्या बाजारातून चांगला पिवळाधमक गूळ आणला होता. वाटायला घेतला आणि मनात म्हटलं, आज माझा दिवस. नेमके त्याच दिवशी तात्या माझ्यानंतर उतरत होते. खाली त्यांच्या वाटेत एका धनगराची मेंढरं आली. आम्ही ओरडलो, पण वाऱ्यात त्याला ऐकू जाईना. तेवढ्यात वरून आवाज आला. छत्रीखाली लोंबकळत, पाय जोडलेले, तात्या गरजत होते, "ए पांडबा! कुत्र्याला हाक मार, कुत्र्याला! मेंढरं डावीकडं घे! अरं, तुजी डावी!"

पांडबा आभाळाकडे तोंड करून हात जोडून उभाच राहिला. कुत्र्यानं मात्र ऐकलं. तात्या रिकाम्या जागेत उतरले, कुशीवर लोळले, उठले, मिशा वळवल्या आणि पांडबाला शिकवायला गेले की डावी कुठली न् उजवी कुठली.

पुढे कित्येक महिने मोशीत, चिखलीत, आकुर्डीपर्यंत लोक हीच गोष्ट सांगत होते, आभाळातून आलेल्या आवाजाची. सांगताना हसून लोळायचे. चादरीच्या मध्यावर कोण उतरलं होतं ते कुणी सांगत नव्हतं. माझा गूळ मात्र सगळ्यांनी खाल्ला.

एक गोष्ट तात्यांच्या बाबतीत उघडपणे सगळ्यांना ठाऊक होती. प्रत्येक उडीच्या आधी ते धावपट्टीच्या कडेच्या कडुलिंबाच्या झाडामागे जायचे आणि ओकायचे. मग चूळ भरून, तोंड पुसून यायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला, खरं सांगतो, बरं वाटलं. चला, एका बाबतीत तरी मी वरचढ. मला भीती अशी वाटतच नसे. लढाईतही वाटली नव्हती. मी तसं त्यांना सांगितलंही.

ते माझ्याकडे बघत राहिले. जनावर लंगडतंय का हे बघावं तसे.

"अजाबात न्हाई वाटत?"

"अजिबात नाही."

"मंग तुमाला जरा जपाया पायजे," ते म्हणाले.

मी ते चेष्टेवारी नेलं. घरी आल्यावर सुशीलेला हसतहसत सांगितलं. ती हसली नाही. पुढच्या रविवारी तिनं शेंगदाण्याचे लाडू करून डबा दिला आणि म्हणाली, "भाऊजींना द्या. उलटी झाल्यावर पोटात काहीतरी हवं माणसाच्या."

तात्यांची बायको हौसावहिनी. त्या माळावर कधी उडी बघायला आल्या नाहीत. शेत शेजारीच होतं, विमानाचा आवाज यायचा, पण त्या खुरपत असायच्या त्या खुरपतच राहायच्या. मान वर नाही. एकदा सुशीला माझ्याबरोबर आली होती. ती बांधावर त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि तिनं विचारलं, "वहिनी, तुम्हाला भीती नाही वाटत?"

हौसावहिनी म्हणाल्या, "त्येस्नी वाटतीय न्हवं? बास झालं. एका घरात दोघांनी कशापायी भ्यायचं?"

सुशीला हे घरी येऊन कितीतरी वेळा बोलून दाखवायची. मला त्यातलं न बोललेलंही ऐकू यायचं. आमच्या घरात भिण्याचं सगळं काम तिच्या एकटीवर पडलं होतं.

पण तात्यांची खरी ओळख दोन शब्दांत होती. "आज न्हाई." सकाळी माळावर आल्यावर ते धुळीची चिमूट सोडून बघायचे, मग विमानातून वर जाताना लाल कापडाची एक लांब पट्टी, टोकाला दगड बांधलेली, वरून सोडायचे आणि ती वाऱ्यानं कुठे जाते ते बघायचे. पट्टी वाईट ठिकाणी गेली की सगळ्या गटाचा दिवस संपला. आम्ही आठवडाभर शिफ्टमध्ये राबून त्या एका सकाळसाठी जगायचो, आणि हा माणूस मिशीला पीळ देत म्हणायचा, "आज न्हाई." कुणी कुरकुर केली तर, "वरनं खाली याया समद्यांनाच येतं. धोंड्यालाबी येतं." मी एकदा हिशेबानं बोललो, की तात्या, तुम्ही थांबवलंत त्यातल्या एकाही दिवशी काही झालं असतं याचा पुरावा काय? तर म्हणाले, "पुरावा न्हाई. पुरावा नगंच." करंदीकरांनी हे वाक्य ऐकून मान डोलावली. देवळात डोलवावी तशी. मला वाटलं, मी काहीही म्हणालो असतो तरी या माणसानं माझ्यासाठी अशी मान डोलावली असती का?

मग ती चैत्रातली जत्रा आली.

पंचक्रोशीतली माणसं जमणार होती. गावच्या मंडळींनी तात्यांना गळ घातली की जत्रेच्या दिवशी तुमच्या उड्या दाखवा. मांडव घातला, कनात लावली, पुण्याहून कुणी मोठे पाहुणे बोलावले. सकाळपासून बैलगाड्या माळाच्या कडेनं लागायला लागल्या. आम्ही सगळे पँटला इस्त्री करून आलेलो. पहिली उडी तात्यांची, दुसरी माझी.

दुपार कलता कलता पश्चिमेकडून वारा उठला. सोसाट्याचा नव्हता, पण कनातीची कापडं फडफडायला लागली. तात्या लिंबामागे गेले, आले, विमानात बसले. लोकांनी शिट्ट्या मारल्या. विमान गोल गोल घेत वर गेलं. बघणाऱ्यांना लाल पट्टी सुटलेली दिसली. ती तिरकी तिरकी जात दुडुळगावच्या बाजूला बाभळींमागे दिसेनाशी झाली. मग सगळे श्वास रोखून बसले. विमानानं आणखी एक गोल घेतला. आणि ते उतरायला लागलं.

तात्या विमानात बसूनच खाली आले.

पहिल्यांदा लोकांना कळलंच नाही. मग तात्या पंखावरून जमिनीवर उतरले, पाठीवर बंद छत्री, आणि एकदम हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "सस्ते, यष्टीनं आला का रं!" पोरांनी तालच धरला. त्यांच्याच भावकीतली माणसं मान खाली घालून बसली. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. तात्या त्या सगळ्यातून चालत आमच्याकडे आले. चेहरा रोजच्यासारखाच. त्यांनी गावच्या मंडळींना सांगितलं, "आज न्हाई. वारा बाभळीच्या पल्याड नेतोय. तितं हिरी हायती."

मी तो अपमान बघत होतो आणि माझ्या अंगात काहीतरी हलकं हलकं होत होतं. इतकी वर्षं ज्या माणसापुढे लोक रांग लावत होते त्याला आज लोक हसत होते. आणि पुढची पाळी माझी होती.

"मी जातो," मी म्हणालो.

करंदीकर म्हणाले, "माने, नको हो."

तात्यांनी मात्र मला हातानं वळवलं आणि तपासायला सुरुवात केली. डोळे मिटून. इतका वेळ त्यांनी कधीच घेतला नव्हता. पिना, पट्टे, चाकू, नाड्या. एका बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग छातीचा पट्टा ओढला.

"मी न्हाई म्हनलो, ते ऐकलंत?"

"ऐकलं."

"बरं," ते म्हणाले. "घ्या श्वास."

मी विमानात बसलो. वर जाताना खाली बघितलं तेव्हा सगळी जत्रा मांडवातून बाहेर येऊन मान वर करून उभी होती. एकच माणूस त्या सगळ्यांकडे पाठ करून पूर्वेला बाभळींच्या दिशेनं चालत निघाला होता. तो कोण असेल याचा मी विचारही केला नाही.

हात सोडला तो क्षण चांगला होता. छत्री उघडली, पट्टे आवळले, आणि मग मला कळलं की मी खाली जात नाहीय, आडवा जातोय. मांडव पायांखालून निघून गेला. चादर निघून गेली. मी एका बाजूच्या दोऱ्या दोन्ही हातांनी खेचल्या, काही उपयोग झाला नाही. बाभळींचे शेंडे बुटांना लागले. जमीन आली ती तिरकी आली. मी लोळण घेतली, पण उठायच्या आत छत्रीनं पुन्हा वारा भरून घेतला आणि मला पालथा पाडून नांगरासारखा ओढत न्यायला लागली. पट्टे सोडायचा खटका छातीवर, छाती जमिनीवर. हात पोचेना. तोंडात माती. निवडुंगातून ओढला गेलो. मान उचलली तेव्हा पुढे बिनकठड्याची विहीर दिसली. छत्री तिच्यावरून पलीकडे गेली होती आणि दोऱ्या विहिरीच्या तोंडावर ताणलेल्या होत्या. मी तिकडेच चाललो होतो.

तेव्हा मला भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा.

आणि एकाएकी ओढ थांबली.

विहिरीपलीकडे तात्या होते. त्यांनी फुगलेल्या छत्रीवर अंग टाकलं होतं. मिठी मारावी तसे दोन्ही हात पसरून ते तिच्यावर पडले होते आणि त्यांच्या अंगाखालून रेशीम हळूहळू बसत होतं. कमरेला लाल पट्टी खोचलेली होती. ती पट्टी जिथे पडली होती तिथेच ते येऊन उभे राहिले होते, मी उडी मारायच्या आधीपासून.

मी उठून बसलो आणि मला उलटी झाली. ते आले, माझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"व्हऊ द्या," म्हणाले. "समदी व्हऊ द्या."

तोंड पुसून मी विचारलं, "तुम्ही मला अडवलं का नाही?"

"अडीवलं असतं तर तुमी करंदीकराकडनं तपासून घेतलं असतंत. मंग तपासनीबी कच्ची आन उडीबी कच्ची." ते माझ्या हातातले निवडुंगाचे काटे काढत होते. "आन मी हितं आलो नसतो. मला तितं तुमच्याशी भांडत बसावं लागलं असतं."

तेवढ्यात लोक आले. बाभळींमधून धावत, धुरळा उडवत. त्यांनी काय पाहिलं होतं? एक छत्री आभाळात उघडली, वाऱ्यावर डौलात गेली, झाडांमागे उतरली. त्यांनी मला खांद्यावर घेतलं. मी ओरडून सांगत होतो, अरे, मी विहिरीत गेलो असतो, या माणसानं वाचवलं. ते हसत होते, मला वर उडवत होते, "माने पैलवान की जय" म्हणत होते. मांडवात आणून पाहुण्यांच्या हातून शाल दिली, नारळ दिला, झेंडूचा हार घातला. मी माइकवरूनही सांगितलं. लोकांना वाटलं, केवढा मोठ्या मनाचा माणूस, सोबत्याची लाज झाकतोय. त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

हाराच्या फुलांवरून मी तात्यांना शोधलं. ते मांडवाच्या मागे ताडपत्रीवर माझी फाटलेली छत्री पसरून बसले होते आणि एकेक काटा काढत होते. शेजारी करंदीकर दोऱ्या धरून बसले होते. कुणी तिकडे बघत नव्हतं आणि त्या दोघांना त्याचं काही वाटतही नव्हतं. दोघे काहीतरी बोलून हसले. हार माझ्या गळ्यात होता, शाल माझ्या खांद्यावर होती, आणि तिथे, त्या ताडपत्रीवर जाऊन बसता यावं म्हणून माझा जीव जळत होता.

त्या रात्री सुशीलेनं काही विचारलं नाही. तिनं माझे हात बघितले आणि सुई तापवून उरलेले काटे काढले. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "उद्या वहिनींना भेटून येते." मला एक शब्द नाही.

त्यानंतर आमचा गट दोन-तीन वर्षं चालला. मी उड्या मारत राहिलो. लिंबामागे आता दोघे जायला लागलो होतो, एकमेकांकडे पाठ करून. मोशीत मात्र ती जत्रा कायम राहिली. पारावर कुणी ना कुणी तात्यांना "यष्टी सस्ते" म्हणायचंच. पुढे वाऱ्याचा कुठला अपघात झाला नाही, कुणी पडलं नाही, त्यांचं म्हणणं खरं होतं असं गावाला दाखवणारं काही कधीच घडलं नाही. आम्ही सगळे धडधाकट राहिलो, आणि त्यामुळेच ते शेवटपर्यंत भित्रे ठरले. हाक ऐकली की ते त्या माणसाकडे वळून मिशीला पीळ द्यायचे आणि चालू लागायचे. मला कुणी तसं म्हटलं असतं तर मी डोकं फोडलं असतं.

मग कॅप्टनचं विमान म्हातारं झालं. धावपट्टीवर कुणी कुंपण घालायला लागलं. मला ठाण्याकडे बरी नोकरी लागली आणि आम्ही बिऱ्हाड हलवलं.

तात्यांना मी शेवटचं पाहिलं ते एका हिवाळ्यात. सुशीलेच्या माहेरच्या एका लग्नासाठी चाकणला निघालो होतो. एस. टी. मोशी ओलांडून इंद्रायणीकडच्या उतारावर आली. मी खिडकीशी होतो. पुढे उतारावर एक सायकल चालली होती. मागे कॅरियरवर हौसावहिनी, मांडीवर मेथीच्या जुड्यांची पाटी. सायकलवर तात्या. धोतराचा सोगा वाऱ्यावर उडत होता आणि सायकलनं चांगला वेग घेतला होता. आणि तात्यांनी हँडल सोडलं होतं. दोन्ही हात दोन्ही बाजूंना लांब पसरले होते, अगदी सरळ, आणि ते काहीतरी गात होते. भसाड्या आवाजात. वहिनी मागून त्यांच्या पाठीत बुक्क्या घालत होत्या आणि हसून हसून त्यांचा पदर खांद्यावरून ओघळला होता.

मी सुशीलेला कोपरानं ढोसलं. ती माझ्यावरून वाकून बघायला लागली, तिनं हाकही मारली, पण इंजिनाच्या आवाजात ती विरली. बस त्यांच्या शेजारून पुढे निघाली. इतकी वर्षं मी मनाशी एक वाटणी धरून होतो, की काळजी त्यांची आणि बेफिकिरी माझी. ती तरी माझी. आता तीही त्यांच्याचकडे निघाली. आम्हा कुणाला न दाखवता, त्या एका बाईसाठी त्यांनी ती राखून ठेवली होती.

पुलावर पोचल्यावर मी वळून मागे पाहिलं. उतार संपला होता, सायकल सपाटीला लागली होती, आणि हात अजून पसरलेलेच होते.